नफा किती ते नंतर, आला कुठून ते आधी

दोन वर्षांपूर्वी आमच्या अब्बांच्या हाती निवृत्तीची रक्कम आली. त्यातले दोन लाख त्यांनी हजसाठी बाजूला काढले. ते बँकेत ठेवून व्याज घ्यायचे नाही, असा त्यांचा आग्रह. म्हणून आम्ही भावंडांनी ठरवले की एखाद्या चांगल्या कंपनीचे शेअर घ्यावेत. त्याच आठवड्यात बातमी वाचली, ‘कंपनीचा तिमाही नफा दुप्पट’. आम्ही त्या कंपनीचे शेअर घेऊन टाकले. वर्षभरात दोन लाखांचे सव्वा लाख झाले.

मग त्या कंपनीचा तिमाही निकाल उघडून पाहिला आणि स्वतःचीच लाज वाटली. सगळे त्यात लिहिलेले होते. करपूर्व नफा 20 कोटींवरून 40 कोटी झाला होता, हे खरे. पण विक्री 200 कोटींवरून 180 कोटींवर उतरली होती आणि त्या 40 कोटींपैकी 30 कोटी कारखान्याची जुनी जागा विकून आले होते. धंद्यातून मिळाले होते फक्त 10 कोटी. म्हणजे धंद्याचा नफा निम्म्यावर आला होता आणि आम्ही तो दुप्पट समजलो. शेत विकून आलेल्या पैशाला कुणी पीक म्हणत नाही. कंपनीच्या बाबतीत मात्र आम्ही तेच केले.

शेअर बाजारात नोंदलेल्या बहुतेक कंपन्यांना तिमाही संपल्यापासून 45 दिवसांत निकाल जाहीर करावा लागतो. वर्षाच्या निकालाला 60 दिवस मिळतात. बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळांवर तो कुणालाही फुकट पाहता येतो. इंग्रजी पाहून घाबरू नका, ओळी मोजक्याच आहेत.

पहिली ओळ ‘रेव्हेन्यू फ्रॉम ऑपरेशन्स’, म्हणजे मूळ धंद्याची कमाई. तिची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा. ईदच्या महिन्यातला शेवयांचा खप पाहून पुढच्या महिन्याचा हिशेब कुणी मांडत नाही.

दुसरी ओळ ‘अदर इन्कम’. ठेवींवरचे व्याज, लाभांश, भाडे अशा गोष्टी इथे येतात. तिसरी ‘फायनान्स कॉस्ट’, म्हणजे मुख्यतः कंपनी कर्जावर भरते ते व्याज. विक्री वाढते आहे, पण ही ओळ त्याहून वेगाने वाढते आहे, तर कमाई सावकाराच्या घरी चालली आहे असे समजावे. चौथी ‘एक्सेप्शनल आयटम्स’. आम्हाला फसवणारी जागेची विक्री याच ओळीत होती.

तक्त्याखालच्या बारीक अक्षरातल्या टिपाही वाचा. कोर्टातले खटले, बुडालेली येणी, बंद पडलेला कारखाना, हे सारे तिथे सापडते. तिमाही आकड्यांचे बहुधा पूर्ण लेखापरीक्षण झालेले नसते, मर्यादित तपासणी झालेली असते. त्या तपासणीच्या अहवालात लेखापरीक्षकांनी काही शेरा मारला असेल तर तो सोडू नका.

सहामाही आणि वार्षिक निकालांसोबत रोख प्रवाहाचे पत्रकही येते. दुकानदाराला हे सांगावे लागत नाही. उधारीवर माल गेला की वहीत नफा दिसतो, गल्ल्यात मात्र पैसा नसतो. वर्षामागून वर्षे नफा वाढतो, पण धंद्यातून रोकड येत नाही, तर सावध व्हा.

आपल्या घरांसाठी ‘अदर इन्कम’ आणि कर्जाचे आकडे दुहेरी महत्त्वाचे आहेत. इस्लामी वित्त संस्थांसाठी मानके ठरवणाऱ्या आयोफी या संस्थेने व्याजी कर्जाला कंपनीच्या बाजारमूल्याच्या 30 टक्क्यांची आणि नाजायज उत्पन्नाला एकूण उत्पन्नाच्या 5 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. याबाबत उलेमांची मते एकसारखी नाहीत. आपल्या भरवशाच्या आलिमांना जरूर विचारा, पण विचारायला जाताना हे आकडे हाती असू द्या.

एवढे वाचूनही फसवणूक होऊ शकते. 7 जानेवारी 2009 रोजी सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबुली दिली. कंपनीने सप्टेंबर 2008 अखेर रोख व बँक शिल्लक 5,361 कोटी रुपये दाखवली होती, त्यातले 5,040 कोटी अस्तित्वातच नव्हते. त्या तिमाहीचा कामकाजातला नफा 649 कोटी दाखवला होता, प्रत्यक्षात तो 61 कोटी होता. लेखापरीक्षकांच्या सह्या असूनही हे झाले. म्हणून निकाल वाचावाच, पण घरची सगळी पुंजी एकाच कंपनीत कधी घालू नये. आणि ज्या पैशाची तारीख ठरलेली आहे, मुलीच्या निकाहचा असो की हजचा, तो शेअरमध्ये नकोच. आमची पहिली चूक हीच होती.

अब्बांनी आम्हाला एका शब्दाने दुखावले नाही. “तकदीर,” एवढेच म्हणाले. पण जो कागद वाचायला अर्धा तास लागला असता, तो आम्ही उघडला नव्हता. आपला आळस तकदीरच्या नावावर टाकणे बरे नव्हे. त्यांचे पंचाहत्तर हजार आम्ही भावंडे आता महिन्याला थोडे थोडे करून भरून काढत आहोत.