वटवाघळांची वंशावळ : शेवटचा शब्द कोणाचा?

घोड्याच्या नालासारख्या नाकाचे चिमुकले वटवाघूळ इतर किडेखाऊ वटवाघळांसारखेच प्रतिध्वनीच्या आधारे अंधारात भक्ष्य टिपते. तरीही त्याचे जवळचे नाते मोठ्या डोळ्यांच्या फळखाऊ वटवाघळांशी आहे, असे जनुकशास्त्र सांगते. ‘मोठी’ आणि ‘छोटी’ अशा दोन गटांत मांडलेली जुनी वंशावळ त्यामुळे मोडीत निघाली. मग नाती ठरवताना शेवटचा शब्द जनुकांचाच मानायचा का?

जनुकांची बाजू भक्कम आहे. १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियाचे मेंदूशास्त्रज्ञ जॉन पेटिग्रू यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात एक धाडसी मत मांडले. डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची ठेवण पाहता फळखाऊ वटवाघळे वानरकुळाला जवळची आहेत, असे ते म्हणत. तसे असेल, तर वटवाघळांचे पंख दोनदा, स्वतंत्रपणे उत्क्रांत झाले असले पाहिजेत. नव्वदच्या दशकात डीएनएच्या तुलनेतून मात्र सर्व वटवाघळांचा पूर्वज एकच असल्याचे दिसले. उडणाऱ्या प्राण्यांचा चयापचय वेगवान असतो, त्यातून डीएनएच्या घटकांत फसवे साम्य येत असेल, हा पेटिग्रूंचा आक्षेप विचार करण्याजोगा होता. जनुकांची संख्या वाढवत नेली, तसा तो टिकला नाही. २००५ मध्ये एमा टीलिंग आणि सहकाऱ्यांनी १७ जनुकांवरून नवी विभागणी पक्की केली आणि नालनाकी वटवाघळे फळखाऊंच्या शाखेत जाऊन बसली.

पण जनुकेही चकवतात. अंतर्कर्णातील पेशींना सूक्ष्म ध्वनी टिपायला मदत करणारे ‘प्रेस्टिन’ नावाचे प्रथिन आहे. केवळ त्याच्या जनुकावरून वंशवृक्ष काढला, तर प्रतिध्वनी वापरणारी सगळी वटवाघळे पुन्हा एकत्र येतात. २०१० मध्ये तर याच प्रथिनात वटवाघळे आणि डॉल्फिन यांच्यातही तसेच साम्य आढळले. डॉल्फिन वटवाघळांचे सख्खे नातलग नव्हेत. दोघांनाही एकच गरज पडली आणि दोघांच्या जनुकांत सारखे बदल झाले. एका जनुकाच्या साक्षीवर निकाल देणे हे नाकाच्या आकारावरून देण्याइतकेच धोक्याचे आहे.

दुसरी मर्यादा याहून मोठी आहे. प्रतिध्वनीची शक्ती मूळ पूर्वजाकडेच होती आणि फळखाऊंनी ती गमावली, की ती दोन शाखांत वेगवेगळी विकसित झाली, हे नव्या वंशवृक्षावरून ठरत नाही. तिथे इतर पुराव्यांकडे वळावेच लागते. अमेरिकेतील वायोमिंगमध्ये सापडलेल्या आणि २००८ मध्ये वर्णन झालेल्या सुमारे सव्वापाच कोटी वर्षांपूर्वीच्या ‘ओनिकोनिक्टेरिस’ या जीवाश्माचे पंख उडण्यायोग्य आहेत. कानाची रचना मात्र प्रतिध्वनीसाठी घडलेली दिसत नाही, असे वर्णनकर्त्यांचे मत. गर्भातील कानाच्या वाढीवरून २०१७ मध्ये एका गटाने एकाच उगमाच्या बाजूने कौल दिला, तर २०२१ मध्ये दुसऱ्याने स्वतंत्र उगमाच्या. वाद जिवंत आहे.

आमचे मत असे. कोण कोणाचे, या प्रश्नात अनेक जनुकांची, शक्य तिथे संपूर्ण जनुकसंचाची, एकमुखी साक्ष वरचढ मानावी. हे कसे घडले, या प्रश्नात जीवाश्म, शरीररचना आणि गर्भविकास यांना समान मान द्यावा. आणि जनुकवाचन स्वस्त होत असताना संग्रहालयांतील नमुने आणि ते ओळखणारी माणसे यांवरचा खर्च कापू नये. बेळगावजवळच्या बारापेडे गुहांतील ‘ओटोमॉप्स रॉटनी’ हे दुर्मीळ वटवाघूळ १९१३ मध्ये विज्ञानाला माहीत झाले, ते कुणीतरी गुहेत शिरून नमुना जपून ठेवला म्हणून. ज्या प्राण्याची ओळखच पटलेली नाही, त्याचा डीएनए वाचून नेमके कोणाचे नाते जुळले, हे सांगता येणार नाही.