शब्दशक्तीच्या तासाला न सांगितलेली लक्षणा

प्रवासवर्णन शिकवताना आम्ही हौसेची भ्रमंती तेवढी प्रवास मानतो. दिवाळीच्या सुमारास देऊळघाटच्या रस्त्याने साखरपट्ट्याकडे ऊसतोडीला निघालेली ट्रॉली (भांडीकुंडी, लेकरे, वर कोपीचे बांबू) आमच्या अभ्यासक्रमात बसत नाही. मुकादमाची उचल फिटेपर्यंत या प्रवासाला परतीची वाट नाही. तिथे नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. माणसाला हत्याराचे नाव देणारी ही लक्षणा शब्दशक्तीच्या तासाला आम्ही कधी सांगितली? आजारपणाने दिवस बुडाला तरी तो 'खाडा', आणि त्याचे पैसे कापले जातात. पण आईबापांसोबत फडावर गेलेल्या विद्यार्थ्याचे खाडे हजेरीपटावर मांडून, 75 टक्के भरत नाहीत म्हणून त्याला परीक्षेला अडवणारे मुकादम कोण? आम्हीच. तरी 'स्थलांतराचे साहित्य' या विषयावर शोधनिबंध वाचायला आम्ही ऐन गळीत हंगामातच जमतो.