बहात्तर तास

मुलगा शिक्षणासाठी पुण्या-मुंबईत राहायला गेला की खोलीचे भाडे, मेसचे पैसे आणि प्रवासखर्च यांचा हिशेब व्यापारी घरात चोख ठेवला जातो. शनिवारी रात्री अकरानंतरच्या वेळेचा हिशेब मात्र कुणी मागत नाही. मागितला तरी खरा मिळत नाही. सप्तव्यसनांची नावे त्या मुलाने पाठशाळेत तोंडपाठ केलेली असतात. त्यांत मद्य आहे. मेफेड्रोनचे नाव तिथे कोठून असणार?

बाजारात ‘एमडी’ किंवा ‘म्याव म्याव’ म्हणून विकली जाणारी ही पूड २०१५ साली अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून तिचा शेकडो किलो साठा पकडला, तेव्हा हा धंदा किती जवळ येऊन ठेपला आहे हे अनेकांच्या प्रथमच ध्यानात आले. वजन-माप पाहिल्याशिवाय धान्याचे पोते न उचलणाऱ्या घरातला तरुण, आत काय मिसळले आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसलेली पुडी अंधारात विकत घेतो. तिचा अंमल लवकर उतरतो, म्हणून रात्रीत ती पुनःपुन्हा घेतली जाते. उत्साह वाढतो, झोप व भूक मरते, कामेच्छा चेतते आणि सावधपणा सुटतो. सोबत मद्य असले तर विवेकाचा उरलासुरला लगामही राहत नाही.

खरा धोका येथे आहे. निरोध खिशातच राहतो. जोडीदाराची पूर्ण ओळख नसते. क्वचित नावही आठवत नाही. आणि नशेत असलेल्या व्यक्तीची ‘हो’ ही संमती नव्हे. आपण काय करीत आहोत हे जिला कळत नाही, तिची संमती कायदा मानीत नाही. ही गोष्ट मुलींना सांगितली जाते, ती मुलांनाही तितक्याच स्पष्टपणे सांगावयास हवी.

दुसऱ्या दिवशी भीती वाटू लागते, पण बोलायचे कोणाशी? एचआयव्हीचा संसर्ग झाला असण्याची शंका असेल तर तो टाळण्यासाठी प्रतिबंधक औषधे आहेत. ती ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. नको असलेली गर्भधारणा टाळण्याच्या तातडीच्या गोळीलाही जितका उशीर होईल तितका तिचा उपयोग कमी. हे तास बहुतेक घरांत घाबरून गप्प बसण्यातच संपतात. उपदंशाची पहिली जखम तर दुखतही नाही. ती आपोआप भरते, मुलगा निश्चिंत होतो आणि रोग मात्र शरीरात राहतो. वेळीच ओळखला तर तो पेनिसिलिनने बरा होतो.

सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी मोफत होते. पहिल्या काही आठवड्यांत ती निर्दोष आली तरी पुन्हा करावी लागते. २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय ही तपासणी करण्यास आणि तिचा निकाल इतरांस सांगण्यास मनाई आहे. १०९७ या क्रमांकावर नाव न सांगता विचारता येते.

व्यसन जडलेच असेल तर घरचे लोक सहसा प्रथम स्थळाचा विचार करतात: ही वार्ता बाहेर गेली तर धाकट्या बहिणीचे काय? मग मुलाला मामाच्या गावी दुकानावर बसवले जाते, उपचार राहून जातात. वस्तुतः स्वतःसाठी अल्प प्रमाणात पदार्थ बाळगणारा व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचारास गेला, तर त्याच्यावर खटला न भरण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांचेही समुपदेशन होते. तेथे आईवडिलांनी पोहोचण्यास उशीर केला, तर तो बहुधा व्यसनाच्या अज्ञानामुळे नसतो. शेजारच्या दुकानदाराला काय सांगायचे, या एका प्रश्नापायी असतो.