आर्वी, आष्टी, गिरड : वहीतला ‘धर्म’ नावाचा रकाना

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मुलीला शाळेतून एक प्रकल्प मिळाला होता. परिसरातल्या धार्मिक वारसास्थळांची माहिती गोळा करायची. वहीत चार रकाने आखायचे: स्थळ, गाव, काळ आणि धर्म. काम गटात करायचं होतं. गटातल्या एका मुलाने तिला सहज विचारलं, “तुमचं इथे काय आहे?” त्याच्या बोलण्यात विखार नसावा, घरी ऐकलेलं तो बोलला असेल. पण मुलगी घरी येऊन गप्प बसली आणि रात्री तोच प्रश्न तिने मला विचारला.

माझ्या तोंडावर ताजमहाल, चारमिनार, गोलघुमट ही नेहमीची यादी आली होती. ती मी गिळली. आग्र्याचा ताज दाखवून अमरावतीतल्या मुलीला ‘इथे’ या शब्दाचं उत्तर मिळत नाही. माझ्या अम्मीचं माहेर आर्वीचं. ती म्हणाली, “दूर कायको जाते? वर्धा जिल्हा पहले देखो.” ऑक्टोबर संपत आला होता. सोयाबीन निघून गेलं होतं, कपाशीची बोंडं फुटून शेतं पांढरी दिसत होती, तळेगावच्या रस्त्याला आंबिया बहाराच्या संत्र्यांचे ढीग लागले होते. आम्ही पाच जण दोन दिवसांसाठी निघालो. गाडी बायकोने चालवली आणि अम्मीने रस्ता सांगितला.

निघण्यापूर्वी धाकट्या भावाचा फोन आला. तो दीनदार आहे आणि मनाने साफ आहे. म्हणाला, “भाईजान, मुलांना दर्ग्यांवर कशाला नेता? आधीच बिदअत कमी आहे का?” त्याची काळजी मला कळते. मी स्वतः मजारीवर मन्नत मागत नाही, मागायचं ते फक्त अल्लाहकडे, हेच मुलांना शिकवलं आहे. पण कबरींच्या जियारतीची परवानगी हदीसमध्ये आहे, त्या आखिरतची आठवण करून देतात म्हणून. पृथ्वीवर फिरून आधीच्या लोकांचं काय झालं ते पाहावं, याकडे कुरआनही पुन्हा पुन्हा लक्ष वेधतो. मन्नत मागणं आणि इतिहास पाहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली टाळण्यासाठी दुसरी सोडून दिली, तर आपल्या मुलांच्या हाती गुळगुळीत, गाव नसलेला, माणसं नसलेला धर्म उरेल.

आष्टी : पावती नको

पहिला थांबा आष्टी. जहांगीर बादशहाच्या काळात हा भाग मुहम्मद खान नियाझी या अफगाण सरदाराकडे होता. त्याने ओसाड पडलेला मुलूख पुन्हा लागवडीखाली आणला, अशी त्याची ओळख जुन्या गॅझेटियरांत नोंदवलेली आहे. त्याची कबर आष्टीतच आहे. तिच्यावर मुघल धाटणीची वास्तू उभी आहे आणि नियाझी घराण्यातलीच दुसरी, थोडी लहान वास्तू शेजारी आहे. दिल्ली-आग्र्याचा मुघल वारसा सगळ्यांना माहीत असतो. संत्र्याच्या बागांमधला हा वारसा आमच्या घरात अम्मी सोडून कुणालाच माहीत नव्हता. शेजारच्या जिल्ह्यात राहून मीसुद्धा तो चाळिशी उलटल्यावर पाहिला. दोष फक्त पाठ्यपुस्तकाला कसा देऊ?

त्याच आष्टीत 16 ऑगस्ट 1942 रोजी, नागपंचमीच्या दिवशी, लोक पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला गेले. गोळीबार झाला. चिडलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. त्या दिवशीच्या हुतात्म्यांमध्ये डॉ. गोविंद मालपे आहेत, पंची गोंड आहेत आणि रशीद खान आहेत.

रशीद खान हे नाव ऐकून मुलीचा चेहरा उजळला. “हे मी वहीत लिहू? त्याला दाखवते.” मी तिला थांबवलं, आणि या लेखात मला जे म्हणायचं आहे त्यातलं अर्धं तरी इथेच आहे. गेली कित्येक वर्षं आपण मुसलमान हेच करत आलो आहोत. कुणी विचारलं, ‘तुमचं इथे काय?’ की आपण खिशातून पावत्या काढतो. हा हुतात्मा आमचा, ही इमारत आमची, तो सेनानी आमचा. समोरचा पावती पाहतो आणि पुढची मागतो. रशीद खान त्या दिवशी घरून निघाले तेव्हा ऐंशी वर्षांनंतरच्या एका मुलीला शाळेत उत्तर देता यावं म्हणून निघाले नव्हते. मालपे आणि पंची गोंड यांच्याबरोबर ते जिथे होते, तिथेच त्यांना राहू द्यावं. त्यांना रांगेतून वेगळं काढून ‘आमचा’ म्हणून मिरवलं, तर रांग तोडण्याचं काम आपणही केलं असं होईल. मुलीने वहीत तिन्ही नावं एकाखाली एक लिहिली.

आर्वी : निकाल न लागलेला दावा

आर्वीत अम्मीचा आवाजच बदलला. इथली प्रत्येक गल्ली तिची. आर्वीला पूर्वी ‘आर्वी तेलंगराव’ म्हणत. गाव वसवणारे तेलंगराव वली, त्यांच्यावरून हे नाव. 1908 च्या इम्पीरियल गॅझेटियरमध्येही त्यांची नोंद आहे: हिंदू म्हणतात ते ब्राह्मण होते, मुसलमान म्हणतात ते मुसलमान होते, आणि दोघेही त्यांच्या समाधीला मानतात.

नाव पुन्हा एकदा वाचून पाहा. राव आणि वली. एक मराठी मुलखातला किताब आणि एक अरबी शब्द, एकाच माणसाच्या नावात शेजारी शेजारी बसले आहेत.

मुलीने वही उघडली आणि ‘धर्म’ या रकान्यावर तिचं पेन थांबलं. “दादी, ते खरंच कोण होते?” अम्मीने जरा विचार करून सांगितलं, “हमारे बचपन में किसीने पूछाच नहीं.”

मला वाटतं, आपल्या साऱ्या सहजीवनाचं मर्म या वाक्यात आहे. दावे तेव्हाही दोन होते. लोक भोळे नव्हते. ब्राह्मण म्हणणारे ब्राह्मणच म्हणत, मुसलमान म्हणणारे मुसलमानच म्हणत. पण कुणाला निकाल लावून घ्यायचा नव्हता. निकाल न लावता शेजारी राहता येतं, ही त्यांची समज होती. आज आपल्याला प्रत्येक गोष्टीचा निकाल हवा असतो. एका बाजूला ‘ही मुळात आमची’ म्हणून जागांवर हक्क सांगणारे आहेत. दुसऱ्या बाजूला ‘हे शुद्ध इस्लामी नाही’ म्हणून अशा जागांकडे पाठ फिरवणारे आपल्यातलेच आहेत. दोघांची भाषा वेगळी, हेतू वेगळे, बळही सारखं नाही. हक्क सांगणाऱ्यांच्या मागे आज गर्दी आहे, हे मी विसरत नाही. पण परिणाम पाहिला तर आपण पाठ फिरवलेली जागाच पुढे ‘मुळात आमची’ ठरवणं सोपं जातं. जिथे दोघं यायचे तिथे एकाने येणं सोडलं, की निकाल आपोआप लागतो.

सेवाग्राम आणि पवनार : दुसऱ्याच्या तोंडून फातिहा

रात्री वर्ध्यात मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी लक्ष्मीनारायण मंदिर पाहिलं. 1928 साली जमनालाल बजाज यांनी ते दलितांना खुलं केलं, तेव्हा देशात असं पाऊल फार थोड्यांनी उचललं होतं. मुलांना सांगितलं, वारसा म्हणजे नुसती जुनी इमारत नसते. एखादं दार ज्या दिवशी उघडलं तो दिवससुद्धा वारसाच. आणि हे सांगताना आपल्याकडची बंद दारंही मला आठवली. कित्येक मशिदींत आणि मजारींच्या आतल्या भागात माझ्या मुलीला आजही जाता येत नाही. दुसऱ्यांच्या सुधारणेचं कौतुक करताना हा विषय आपण हळूच बाजूला सरकवतो.

दुपारी पवनार. धाम नदीकाठी विनोबांचा आश्रम. इथल्या खोदकामात राम-भरत भेटीचं जुनं शिल्प सापडलं आणि विनोबांनी ते आश्रमात बसवलं. ‘गीताई’ लिहिणाऱ्या याच विनोबांनी अरबी शिकून कुरआन मुळातून वाचला आणि ‘कुराण-सार’ तयार केलं. किती मराठी मुसलमानांनी गीताई वाचली आहे? हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारला. वर्ध्याजवळ गीताई मंदिर आहे. तिथे मूर्ती नाही, छप्पर नाही, दगडी शिळांवर कोरलेले अठरा अध्याय आहेत. मुलाने विचारलं, “हे वाचलेलं चालतं?” मी म्हटलं, मराठी येते ना, मग वाच.

संध्याकाळी सेवाग्रामच्या प्रार्थनेला बसलो. गांधीजी 1936 मध्ये या गावी राहायला आले. इथल्या सर्वधर्म प्रार्थनेत जपानी बौद्ध मंत्र आहे, उपनिषद आहे, आणि सूरह फातिहाही आहे. हे आयत आश्रमात रुजवण्यात रेहाना तय्यबजी यांचा मोठा वाटा होता. 1947 साली दिल्लीच्या प्रार्थनासभेत कुरआनच्या आयतींना विरोध झाला, तेव्हा गांधीजींनी तेवढा भाग गाळून प्रार्थना उरकली नाही. होईल तर पूर्ण होईल, नाहीतर होणार नाही, हीच त्यांची भूमिका होती. देश पेटलेला असताना घेतलेली ही भूमिका आहे. आजच्या सद्भावनेच्या भाषणांपेक्षा ती खूप महाग होती.

फातिहा सुरू झाली तशी मुलगी माझ्या कानाशी आली. “अब्बा, मखरज चुकतोय.” तिची बरोबर होती. मदरशात तजवीद शिकलेली मुलगी, तिला ‘ऐन’ आणि ‘हे’ खटकणारच. अम्मीने तिचा हात दाबला. “नियत तो सही है ना, बेटा. तू साथ में पढ़.” आणि ती हळू आवाजात, आपल्या उच्चारात म्हणू लागली.

परतताना तिला खान अब्दुल गफ्फार खान यांच्याविषयी सांगितलं. 1934 मध्ये तुरुंगातून सुटल्यावर इंग्रजांनी त्यांना सरहद्द प्रांतात आणि पंजाबात यायला बंदी केली होती, तेव्हा ते वर्ध्याला येऊन राहिले. डिसेंबरमध्ये त्यांना अटक झाली तीही वर्ध्यातच. पेशावरकडच्या पठाणाला आपलं घर बंद झालं तेव्हा वर्ध्याचं दार उघडं होतं.

गिरड : माफीची गोष्ट

शेवटचं ठिकाण समुद्रपूर तालुक्यातलं गिरड. त्यासाठी मुक्काम एक दिवस वाढवला. टेकडीवर बाबा शेख फरीद यांचा दर्गा आहे. बाबा फरीद गंजशकर तेराव्या शतकातले, त्यांची मजार पाकपट्टनला, म्हणजे आजच्या पाकिस्तानात. गिरडला त्यांनी चिल्ला केला, अशी इथली श्रद्धा. त्यांच्या नावाची वाणी शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहे. म्हणजे एकच बाबा पंजाबात शिखांचे, पाकपट्टनला मुसलमानांचे आणि गिरडला तर सगळ्या वऱ्हाड-नागपूरचे. आम्ही गेलो तेव्हा झाडांखाली चुली मांडून कुटुंबं जेवण रांधत होती. कपाळावरून, टोपीवरून ओळखू येत होते तेवढे, तरी निम्म्याहून जास्त हिंदू असावेत.

टेकडीवर जायफळासारखे छोटे गोल खडे सापडतात. दंतकथा अशी की एका व्यापाऱ्याने बाबांची थट्टा केली आणि त्याच्या मालाचे दगड झाले. माझ्या मुलाने खिसा भरून घेतला आणि विचारलं, “खरंच?” मी त्याला खरं ते सांगितलं. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, पुढे त्या पोकळ्यांत झिओलाइटसारखी खनिजं साठतात, आणि काळा खडक झिजला की या गोळ्या सुट्ट्या होतात. तो थोडा हिरमुसला. मग अम्मीने उरलेली गोष्ट सांगितली. व्यापाऱ्याला पश्चात्ताप झाला, बाबांनी वाळक्या पानांपासून त्याचा माल पुन्हा बनवून दिला, आणि मग तो बाबांना सोडून गेलाच नाही. ही दुसरी अर्धी गोष्ट फार कमी लोक सांगतात. थट्टा करणाऱ्याला शिक्षा झाली एवढंच लक्षात ठेवणं आपल्याला आवडतं, कारण आपल्यालाही कुणाचे तरी दगड करायचे असतात. विज्ञान मुलाला मिळालंच पाहिजे, पण माफीची ही गोष्टही त्याच्या खिशात असू द्यावी.

पुढच्या सुट्टीत

वाचकांना माझं सांगणं साधं आहे. आपल्या मुलांना सहलीला न्यायचं तर अजमेर आणि गोवा या दोनच दिशा नाहीत. तासाभराच्या अंतरावरची गावं आधी पाहा. मजार पाहा, मंदिर पाहा, स्तूप पाहा, आश्रम पाहा. घरातल्या म्हाताऱ्यांना बरोबर घ्या आणि त्यांचं बोलणं लिहून ठेवा, कारण अम्मीला जे माहीत आहे ते गॅझेटियरमध्येही पुरतं नाही. आणि हिंदू वाचकांनाही विनंती: आर्वी-आष्टीवरून जात असाल तर थांबा. या जागा तुमच्याही आहेत, त्यासाठी त्या आमच्याकडून काढून घ्याव्या लागत नाहीत.

प्रकल्प शाळेत जमा झाला. तेलंगरावांच्या ओळीत ‘धर्म’ या रकान्यात मुलीने काहीच लिहिलं नाही. बाईंनी लाल पेनाने तिथे ‘अपूर्ण’ लिहून एक गुण कापला. ती विचारत होती, आता काय भरू? मी म्हटलं, एक गुण गेला तर जाऊ दे, रकाना तसाच ठेव.