संगणकातील परकी पॅकेजे आणि न लिहिलेली वही

'विंडोज १०' या प्रणालीचा नियमित सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून जुन्या संगणकांवर लिनक्स बसवावे, हा सल्ला पुन्हा जोराने दिला जाऊ लागला आहे. सल्ला गैर नव्हे. पण अमरावती-अकोल्याकडील महाविद्यालये व ग्रंथालये यांच्यापुरता तो अर्धाच आहे, असे म्हणणे भाग आहे.

मूळ प्रणाली बसविणे हे फार तर एका दुपारचे काम. खरा प्रपंच तिच्यावर बाहेरून आणून बसविलेल्या पॅकेजांचा. ग्रंथालयांसाठी असलेले 'कोहा' हे मुक्त सॉफ्टवेअर घ्या. १९९९ मध्ये न्यूझीलंडमध्ये जन्मलेले हे सॉफ्टवेअर बहुधा 'डेबियन' या लिनक्सवर चालवितात. त्याला लागणारी माहितीकोशाची आणि वेब सर्व्हरची पॅकेजे डेबियनच्या भांडारातून येतात, आणि कोहा स्वतः कोहाकारांच्या वेगळ्या भांडारातून. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारणतः दोन वर्षांनी निघते. कोहाची मोठी आवृत्ती दर मे आणि नोव्हेंबरमध्ये. अशी दोन घड्याळे एकाच भिंतीवर लावली असता कोणते कधी जुळवायचे, हे कोठेतरी लिहिलेले असावयास नको काय? ते नसते. बसविणारा गृहस्थ बदलून जातो, त्याच्या जागी आलेला भाबडेपणाने मूळ प्रणाली अद्ययावत करतो, आणि ऐन परीक्षेच्या दिवसांत पुस्तकांच्या देवघेवीची खिडकी बंद पडते. दोष त्या नवागताचा नव्हे. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीत कोणती तार कोठे गेली आहे, हे जसे ती जोडणाऱ्या वायरमनलाच ठाऊक असते, तसेच हे झाले!

यावर जाणकार म्हणतील की, यादी संगणक स्वतःच ठेवतो. ते खरे आहे. डेबियनमध्ये कोणते पॅकेज माणसाने मुद्दाम मागितले आणि कोणते दुसऱ्याच्या गरजेपोटी आपोआप आले, हा भेदही नोंदलेला असतो. पण ते का मागितले, ते काढले तर कोणाचे काम अडेल, हे त्या यादीत नाही. शिवाय मूळ संहितेवरून हाताने बांधून बसविलेल्या वस्तूंची तर तिला गंधवार्ताही नसते.

'फ्रीबीएसडी' या प्रणालीच्या कर्त्यांनी या बाबतीत घालून दिलेला पायंडा अनुकरणीय आहे. तेथे मूळ प्रणाली आणि परकी पॅकेजे यांची सरमिसळ होऊ दिली जात नाही. परकी पॅकेजे वेगळ्या शाखेत ठेवतात आणि हस्तपुस्तिकेत त्यांना स्वतंत्र प्रकरण आहे. त्याहून मोलाची आहे ती 'अपडेटिंग' नावाची साधी फाईल. तीत प्रत्येक सूचनेवर तारीख, त्याखाली हा बदल कोणाला बाधतो ती ओळ, मग काय करावे ते. वाचणाऱ्याला सगळा ग्रंथ चाळावा लागत नाही.

प्रश्न केवळ सोयीचा नाही. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या फायली आवळून ठेवणाऱ्या छोट्याशा पॅकेजाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट दडविल्याचे उघडकीस आले. नोंद ठेवणाऱ्याला आपले यंत्र सुरक्षित आहे की नाही, हे क्षणात कळले; इतरांना यंत्रामागून यंत्र तपासावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेने सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी ठेवण्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या काही उगाच नव्हेत.

मग वऱ्हाडात हे काम कोणी करावे? १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाकडे पाच जिल्ह्यांतील महाविद्यालये आहेत. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ पासून उभे आहे. दोघांनी मिळून मराठीत एक हस्तपुस्तिका करावी. तिची मांडणी पॅकेजांच्या वर्णानुक्रमाने नव्हे, तर 'बसविताना', 'अद्ययावत करण्यापूर्वी', 'बिघडल्यावर' अशा कामांच्या क्रमाने असावी. आज्ञा इंग्रजीतच राहतील, त्याला इलाज नाही; पण कारण मराठीत लिहिता येते. आणि प्रत्येक यंत्रापाशी एक वही असावी: पॅकेज, भांडार, आवृत्ती, तारीख, बसविणाऱ्याचे नाव, प्रयोजन. टेबल-खुर्च्यांसाठी जडवस्तूसंग्रह नोंदवही प्रत्येक कचेरीत वर्षानुवर्षे ठेवली जातेच. तिच्यात संगणकाचा डबा नोंदलेला असतो. डब्यात काय आहे, त्याचा रकाना मात्र अजून आखावयाचा आहे.