मुक्काम पोस्ट गाडी

अमेरिकेतल्या आमच्या भाच्याने यंदा पत्राबरोबर एका घराचे छायाचित्र धाडले आहे. घराला चाके! मोटारीमागे जोडावे, न्यावे आणि मन मानेल तिथे उभे करावे. आत ओटा, पलंग, पुस्तकांचे कपाट, सारे काही 400 चौरस फुटांच्या आत. आमच्या सौभाग्यवतींनी चष्मा लावून ते बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाल्या, "अहो, झाडायला किती सोपं!" घरात झाडाझडती सुरू असताना याहून मोठी शिफारस ती कोणती?

भाचा पुढे लिहितो की, तिकडे कारखान्यात तयार होणाऱ्या 'फिरत्या घरां'तून लाखो कुटुंबे राहतात. 1976 पासून त्यांच्या बांधणीला सरकारी नियमही लागू आहेत. पण एकदा जागेवर बसवलेले असले घर बहुधा पुन्हा हलत नाही. नाव तेवढे फिरते. हे वाचले आणि मला आमच्या चिखलीच्या मेहकर रस्त्यावरचे एक घर आठवले. त्याची तऱ्हा नेमकी उलटी.

ते घर म्हणजे घिसाड्यांची बैलगाडी. दरसाल घटस्थापनेच्या सुमारास ती माळावर येऊन थांबते. लांबी 10 फूट, रुंदी जेमतेम 4. तळाशी लोखंड आणि अवजारे, वर पत्र्याची पेटी, पेटीवर गोधड्या आणि गोधड्यांवर रात्री नातवंडे. आसाला टांगलेल्या खुराड्यात दोन कोंबड्या, चाकाला बांधलेले कुत्रे. शेजारी पाल ठोकले, भाता बसवला, ऐरण रोवली की कारखाना सुरू! मोटारींच्या स्प्रिंगचे जुने पाटे तापवून त्यांचे विळे, कुऱ्हाडी आणि वखराच्या पासा घडतात. पुरुष सांडशीत लोखंड धरून बसतो आणि उभी राहून घण घालते ती बाई. हे पाहिल्यापासून वर्गात 'अबला' या शब्दाचा अर्थ सांगताना माझी जीभ जरा अडखळते.

सरकारी यादीत भटक्या जमातींमध्ये घिसाड्यांबरोबर गाडी लोहार, चितोडी लोहार अशीही नावे आहेत. राजस्थानातल्या गाडी लोहारांची आख्यायिका अशी की, 1568 साली अकबराने चितोड घेतले तेव्हा त्यांनी शपथ वाहिली: गड परत मिळेपर्यंत घरात राहायचे नाही, पलंगावर निजायचे नाही, रात्री दिवा लावायचा नाही. 1955 साली पंडित नेहरूंनी त्यांना समारंभाने गडावर नेले. शपथ फिटली, गाड्या मात्र चालतच राहिल्या. या गाडीवरच्या आजीला मी दिव्याचे विचारले, तर ती खोखो हसली. "मंग मास्तर, अंधारात भाकरी थापू का?" आणि तिने पालात टांगलेला सौर कंदील दाखवला.

याच आजीचा नातू यंदा आमच्या महाविद्यालयात आला. मामाकडे राहून शिकलेला, घरातला पहिला बारावी पास. फीची सवलत हवी तर जातीचा दाखला हवा. दाखला हवा तर 21 नोव्हेंबर 1961 रोजी किंवा त्यापूर्वी कुटुंब महाराष्ट्रात राहत होते याचा पुरावा हवा. आजी अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे आली.

मी विचारले, "आजी, एकसष्ट साली तुमचे सासरे कुठे राहत?"

आजीने विचार केला आणि सांगितले, "गाडीत."

"अहो, पण गाव कोणतं?"

"गाडी थांबन ते गाव! सुगीत मेहकरकडं, पावसाळ्यात देऊळगाव राजाकडं."

सातबारा नाही, घरपट्टी नाही, शाळेचा दाखला नाही. असल्या कामांच्या कागदांत 'गृहचौकशी' असा एक शब्द येतो. मी भाषेचा मास्तर, शब्दांवर कोट्या करण्याची मला वाईट खोड आहे. या शब्दावर मात्र कोटी सुचेना.

आजीला एवढेच आठवत होते की, सासरा एका दुकानातून कोळसा उधार नेई. दुकान ओळखीचे निघाले. शेटजींनीही सणापूर्वीची आवराआवर काढली होती. माळ्यावरून जुन्या वह्यांचा गठ्ठा उतरवला, दोन दुपारी धुळीत गेल्या आणि 1958 सालच्या खतावणीत ते नाव सापडले! नावापुढे 'घिसाडी', पत्त्याच्या जागी 'गाडी, नदीकाठ', कोळसा दोन मण, बाकी सव्वा रुपया.

मला आनंद झाला, पण आजीचा चेहरा उतरला. तिने पदराची गाठ सोडून पैसे काढले. "सासऱ्याच्या नावावर बाकी नको." शेटजी भले गृहस्थ. पैसे घेईनात, पण तिच्या समाधानासाठी नोंदीवर काट मारायला त्यांनी पेन उचलले. मी अक्षरशः त्यांचा हात धरला!

वही घेऊन आम्ही तिघे एका कचेरीत गेलो. कारकुनाने पान उलटसुलट पाहिले. म्हणाला, "सर, हा मुक्काम झाला. रहिवास कुठाय?" तासभर बोलणे झाल्यावर त्याने अर्ज ठेवून घेतला आणि आवक क्रमांक दिला. आता साहेब पाहतील.

परतताना मी आजीला 2011 सालच्या योजनेची माहिती दिली. यशवंतराव चव्हाणांच्या नावाची मुक्त वसाहत योजना, भटक्या कुटुंबाला पाच गुंठे जमीन आणि 269 चौरस फुटांचे घर. भाच्याच्या छायाचित्रातल्या घराहून लहान, गाडीहून कितीतरी मोठे. तिने सारे शांतपणे ऐकून घेतले.

"त्याले बी जातीचा दाखला लागंन नं?"

मी मान हलवली.

दिवाळीनंतर गाडी लोणारकडे निघेल. नातू इथेच राहणार, वर्गातल्या एका मुलाच्या खोलीवर त्याची सोय झाली आहे. अर्जावर पत्रव्यवहारासाठी आमच्या घराचा पत्ता दिला आहे. हातातला झाडू टाकून सौभाग्यवती रोज पोस्टमनला विचारतात, "कचेरीचं काही आलं का हो?"