नाव ठेवा, नावे ठेवू नका

मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' हे दोन वेगळे वाक्प्रचार आहेत. आपण बाळाचे नाव ठेवतो, तेव्हा त्याला आपले म्हणतो. एखाद्याला नावे ठेवतो, तेव्हा त्याचे दोष काढतो. गल्लीतल्या कुत्र्याच्या वाट्याला बहुधा दुसरी गोष्टच येते.

पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठा नदीच्या काठी खराडी आहे. पूर्वी हे शेतीचे गाव होते. १९९७ साली ते पुणे महानगरपालिकेत आले. आज तेथे संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आणि उंच उंच सोसायट्या आहेत. खेड्यात शेताची व दाराची राखण करणारा गावठी कुत्रा आता सोसायटीच्या फाटकाबाहेर राहिला आहे. आतल्या मुलांना मात्र चित्रात पाहिलेला हस्की हवा असतो.

हस्की हा सायबेरियाच्या बर्फातला कुत्रा. त्याच्या अंगावर केसांचे दोन दाट थर असतात. पुण्यात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपर्यंत चढतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच अंग थंड करतो. मग आपल्या हौसेसाठी त्याला हा त्रास का द्यावा? गावठी कुत्र्याचे केस आखूड असतात, त्याला इथले ऊन सोसते. पिल्लू पाळायचेच असेल, तर गावठीच निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, "आमच्या घरात नमाज होते. जागा पाक ठेवावी लागते. आम्ही कुत्रा आत घेत नाही." ही रीत जरूर पाळावी. पण दया दाखवायला कुत्रा घरातच हवा असे नाही. तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाची गोष्ट हदीसमध्ये आहे. अल्लाहने त्याला क्षमा केली. संत नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली, तेव्हा कोरडी भाकरी त्याला कशी जाईल, म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, अशी कथा महाराष्ट्रात सांगतात. दोन्ही गोष्टींतला कुत्रा पाळलेला नव्हता.

म्हणून कुत्रा घरातला असो की फाटकाजवळचा, त्याला नाव द्यावे. गुहेत झोपलेल्या असहाब-ए-कहफच्या कुत्र्यालाही लोकांनी 'कितमीर' हे नाव दिलेच ना! नाव लहान असावे. मोती, काळू, वाघ्या अशी नावे कुत्र्याला लवकर ओळखता येतात. घरातील सर्वांनी एकाच नावाने हाक मारावी. शेजाऱ्याला चिडवण्यासाठी त्याचे नाव कुत्र्याला देऊ नये. ज्या थोर माणसाला कोणी मान देते, त्याचेही देऊ नये. कुत्र्याला त्यात काही कळत नाही. दुखावते ते माणसाचे मन.

नाव ठेवले की जबाबदारी आली. पाळलेल्या कुत्र्याला रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्यावी आणि महानगरपालिकेचा परवाना काढावा. तो खात असताना त्याला हात लावू नये. कोणताही कुत्रा चावला, तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखान्यात जावे. घरच्यांपासून ती लपवू नये.

कुत्रा दहा-बारा वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगतो. आज पाचवीत असलेला मुलगा कॉलेजात जाईल, तेव्हाही तो दारात वाट पाहत असेल. तेवढी वर्षे सांभाळायची तयारी नसेल, तर पिल्लू आणूच नये. हौस फिटल्यावर ज्याला रस्त्यावर सोडतात, तो कुत्राही आपल्या नावाची हाक ऐकण्यासाठी कान टवकारून बसलेला असतो.